सात मिलिमीटरची फळी

पहिलं वाद्य तयार झालं तेव्हा ते वाजवायचं कसं हे विद्यापीठात कोणालाच ठाऊक नव्हतं. ज्याने ते बनवलं त्या दादालाही नाही आणि जिच्या हट्टापायी ते बनलं त्या धाकटीलाही नाही. दोघं बहीणभाऊ सुतारशाळेतल्या लांब टेबलावर ते आडवं ठेवून बराच वेळ नुसते बघत राहिले, घरी पहिल्यांदाच आलेल्या जावयाकडे बघावं तसे. शेवटी दादा म्हणाला, "चहा विचारायचा का याला?"

दादा विद्यापीठाच्या सुतारशाळेत मुख्य सुतार होता. वर्गांतले बाक, प्रयोगशाळांतली टेबलं, खिडक्यांच्या चौकटी, कुलगुरूंच्या खोलीतलं ते अवाढव्य कपाट, सगळ्यांवरून त्याचा हात फिरलेला. धाकटी त्याच्याहून बारा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, त्यानंतर तिला लहानाची मोठी केली ती दादानेच. तिची वेणी घालण्यापासून तिला परीक्षेच्या दारात सोडण्यापर्यंत. पुढे ती त्याच विद्यापीठात संगीताचा इतिहास शिकवू लागली. विद्यार्थी तिला बाई म्हणत, पण घरात ती धाकटीच राहिली, आणि दादा तर भर व्हरांड्यातही तिला "ए धाकटे" म्हणून हाक मारायचा.

इतिहास शिकवता शिकवता तिच्या मनाने एक गोष्ट घेतली होती. चारशे वर्षांपूर्वीचं संगीत ती फळ्यावर लिहून दाखवायची, त्यावर प्रश्न काढायची, मुलं उत्तरं लिहून पासही व्हायची, पण ते संगीत समोर बसून ऐकलेलं कोणीच नव्हतं. पोहण्यावर व्याख्यान द्यावं आणि वर्गात कोणी पाण्यात पाय बुडवलेला नसावा, तसली गत. ज्या वाद्यांसाठी ते लिहिलं होतं त्यांतलं मुख्य म्हणजे व्हायोल. नावावरून व्हायोलिनची बहीण वाटते, पण वागणं मावशीचं. सहा तारा, त्याही आतड्याच्या, म्हणजे तातीच्या. दांडीवर बांधलेले पडदे. आणि गज फिरवायचा तो वाद्य गुडघ्यांत धरून. असं वाद्य गावात कुठेच नव्हतं. ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात त्याची आकृती होती, मापांसकट. धाकटीने ती मोठी करून घेतली आणि सुतारशाळेत नेऊन दादापुढे पसरली.

दादाने चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली. लांबी होती, रुंदी होती, कमरेचा बाक होता. वरची फळी किती जाड घ्यायची, त्याने विचारलं. ते आकृतीत नव्हतं आणि पुस्तकातही नव्हतं. मग माझ्या अंदाजाने घेतो, असं म्हणून त्याने कागदाची गुंडाळी केली. आता ज्याने जन्मभर माणसांच्या बुडाखालचे बाक केले त्याचा अंदाज तो कसला असणार? सहा तारांचा ताण पडणार, तारा पेलणारी घोडी दाबणार, फळी भक्कम हवी. त्याने सात मिलिमीटर धरली.

चार वर्षांत त्याने पाच वाद्यं बनवली. काम सुटल्यावर, रविवारी, सुट्टीत. बाकाच्या पायाला सरावलेल्या हाताला नाजूकपणा शिकवताना त्याच्या नाकी नऊ आले. कडेच्या पट्ट्या वाफेवर वाकवताना मोडायच्या, सरसाचं भांडं घरच्या शेगडीवर करपायचं, वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायची. पहिल्या वाद्याच्या डोक्यावर त्याने नुसता एक लाकडी गोळा बसवला. दुसऱ्यावर प्राणी कोरला. तो घोडा होता असं दादाचं म्हणणं, बाकी सगळ्यांच्या मते कुत्रा.

वाजवणारी माणसंही तशीच, जमेल तिथून गोळा केलेली. भौतिकशास्त्रात संशोधन करणारा एकजण होता, प्रत्येक दारातून वाकून यायचा, त्याला सगळे लांब्या म्हणत. सगळ्यात मोठं वाद्य त्याच्या वाट्याला आलं, कारण ते दुसऱ्या कोणाच्या गुडघ्यांत मावेना. दंतवैद्यकाची एक विद्यार्थिनी होती, तिचं नाव अर्थातच दातवाली. ग्रंथपालबाई गायच्या. आणखी दोघंतिघं येत-जात राहिले. धाकटीसकट सगळे पुस्तकं बघून, चुकतमाकत वाजवायला शिकले. संगीत विभागात सरावाला खोली मिळेना, तेव्हा भूगोलवाल्यांनी आपली नकाशांची खोली दिली, दर बुधवारी चार ते सहा. भिंतींना टेकून उभे केलेले गुंडाळलेले खंड आणि महासागर, मधे सहा खुर्च्या. विभागातले पियानोवाले त्यांना वाळवी मंडळ म्हणायचे. जुन्या लाकडात शिरतात आणि बाहेर कोणाला पत्ता लागत नाही, म्हणून.

तातीच्या तारांचा स्वभाव भलता हळवा. ढग आले की रुसणार, ऊन पडलं की रुसणार. एकाची सहावी तार लागेपर्यंत दुसऱ्याची पहिली उतरलेली. दोन तासांतला पाऊण तास सूर लावण्यातच जायचा, आणि दातवाली म्हणायची की आपलं म्हणजे नमनालाच घडाभर तेल. दादा पाच वाजता हत्यारांची पिशवी घेऊन यायचा आणि दारापाशी स्टुलावर बसायचा. खुंटी घसरली तर तिला खडू लावायचा, घोडी कलली तर सरळ करायचा. बाकी वेळ मान खाली घालून ऐकायचा. सहा वाजता सगळे उठले की तो धाकटीजवळ येऊन विचारायचा, "कसं वाटतंय गं आवाजाला?"

ती म्हणायची, "छान आहे, दादा. गोड आहे."

पहिल्या वर्षी ते तिला मनापासून वाटायचं. चारशे वर्षं कागदावर पडून राहिलेला सूर खोलीत उभा राहतोय हेच इतकं मोठं होतं की त्याचा आवाज कसा आहे हे कोण तपासतंय? पहिल्या कार्यक्रमाला तेवीस माणसं आली, त्यातली निम्मी घरची. मधेच लांब्याची खुंटी सुटली, तार बंदुकीसारखी वाजली आणि पहिल्या रांगेतले एक आजोबा दचकून उभे राहिले. सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा दादा रुमालाने चष्मा पुसत होता आणि तो काही केल्या पुसून होत नव्हता.

दुसऱ्या वर्षी धाकटी एका परिषदेला दुसऱ्या विद्यापीठात गेली. तिथे जेवणाच्या सुट्टीत एका वादकाने तिच्या हातात आपलं व्हायोल दिलं, सहज, पाण्याचा पेला द्यावा तसं. ते तिच्या हातून जवळजवळ उडालंच. इतकं हलकं असेल अशी तिच्या हाताची तयारी नव्हती. गज नुसता टेकवला आणि वाद्य बोलायला लागलं. नकाशांच्या खोलीत ती ज्या सुरासाठी खांदा दुखेपर्यंत गज दाबायची तो इथे आपणहून येत होता. ती दोन मिनिटं वाजवत राहिली, मग आभार मानून ते परत केलं. 

परत आल्यावर तिने दादाला सगळं सांगितलं. गाडी कशी चुकली, राहायची खोली कशी होती, लोक कसे होते. ते हलकं व्हायोल एवढंच सोडून. दादाने तेव्हा चौथं वाद्य नुकतंच बंद केलं होतं, सरस अजून ओला होता, आणि कडेला चहूबाजूंनी क्लँप लावून ते टेबलावर उभं होतं. हे पूर्ण होऊ दे, मग बोलू, असं तिने ठरवलं. ते पूर्ण झालं तेव्हा तो इतका खुशीत होता की बोलवेना. मग पाचव्याचं लाकूड आणून झालेलं होतं. आणि दर बुधवारी सहा वाजता तो विचारतच होता, आणि ती गोड आहे म्हणतच होती. खोटं एकदा बोलणं जड जातं, पुढची वेळ हाताशी शब्द तयारच असतात.

मंडळाचं नाव मात्र होत गेलं. चौथ्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठांतून बोलावणी आली, आणि त्याच वर्षी एक पाहुण्या बाई आठवडाभर शिकवायला आल्या. या संगीतात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पहिल्या दिवशी त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या, सगळ्यांचं कौतुक केलं. निघण्याच्या दिवशी त्यांनी धाकटीला बाजूला घेतलं. मुलं वाद्यांपेक्षा चांगली वाजवतायत, त्या म्हणाल्या. भिंतीपलीकडून बोलायला लावलंय तुम्ही त्यांना.

विभागप्रमुखांनी हे ऐकलं आणि त्यांना घाई झाली. विद्यापीठाचं नवं सभागृह उघडायचं होतं, पहिला कार्यक्रम मंडळाचाच व्हावा अशी त्यांची इच्छा होती. नामांकित कारागिराकडून पाच नवी वाद्यं मागवायची, जुनी काचेच्या कपाटात मांडून ठेवायची. आदराने, असं ते दोनदा म्हणाले. धाकटीने मान हलवली. दादाला मीच सांगेन, एवढंच ती बोलली.

सांगायला तिला तीन महिने होते. एकदा त्यासाठी ती रविवारी दादाच्या घरी गेली. दादा खिडकीत बसून सहाव्या वाद्याचं डोकं कोरत होता. या वेळी त्याने बाईचा चेहरा घेतला होता, कपाळावर केस ओढून बांधलेले. त्याने तो तिच्यापुढे धरला आणि नाक कोणाचं आलंय ओळख म्हणाला. नाक तिचंच होतं. वहिनी हसत होती, यांना जेवणाचं भान नाही म्हणून तक्रार करत होती. धाकटी चहा पिऊन, नाकाचं कौतुक करून, मूग गिळून परत आली. नंतर एकदा सुतारशाळेच्या दारापर्यंत जाऊन ती मागे फिरली. नंतर परीक्षा आल्या.

विद्यापीठात येणारी प्रत्येक मोठी पेटी आधी सुतारशाळेत उतरायची, कारण ती उघडायला पहार आणि माणसं तिथेच. हे धाकटीला ठाऊक नव्हतं असं नाही, तिच्या ध्यानात आलं नाही. वर्ग चालू असताना शिपाई चिठ्ठी घेऊन आला: विभागाच्या पेट्या आल्यात, उघडायचं काम सुरू केलंय. ती खडू टाकून धावत निघाली.

ती पोहोचली तेव्हा पहिल्या पेटीचं झाकण भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. दादाने खिळे एका डबीत सरळ करून ठेवले होते, ती त्याची सवय. भुशातून त्याने वाद्य बाहेर काढलं आणि त्याचेही हात, तिचे परिषदेत गेले होते तसे, एकदम वर गेले. त्याने ते खाली ठेवलं. पुन्हा उचललं. पोटावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि कान लावला. फळीतल्या भोकाच्या कडेशी चष्मा नेऊन तिची जाडी पाहिली. मग त्याला ती दारात दिसली.

"कोणाची?"

"मंडळाची," ती म्हणाली.

"कधी ठरलं?"

"तीन महिने झाले. दादा, मी सांगणार होते."

"हो," दादा म्हणाला. मला वाटलं प्रयोगशाळेचं काही असेल, असं तो पुटपुटला, जणू पेटी उघडली हीच त्याची चूक. शेजारी त्याच्या हाताखालचे दोघं सुतार उभे होते. त्याने बाकीच्या चारही पेट्या उघडल्या, एकही ओरखडा न पाडता. नंतर कपड्याने हात पुसत तो म्हणाला, "बाई, प्रवासात घोड्या पडल्यात. उभ्या करून देऊ का तुम्हाला?"

त्याने तिला बाई म्हटलं ते आयुष्यात पहिल्यांदा. ती हो म्हणाली, दुसरं काय म्हणणार? पाचही वाद्यांच्या घोड्या त्याने उभ्या केल्या, तारा चढवल्या आणि वाद्यं नकाशांच्या खोलीत पोहोचती केली. बुधवारी तो आला नाही. पुढच्या बुधवारीही नाही. दारापाशी ते स्टूल तसंच होतं, लांब्याचा पाय अडखळायला लागला तेव्हा त्याने ते नकाशांच्या मागे सरकवलं. काचेच्या कपाटाचं कामही सुतारशाळेकडेच गेलं. दादाने तेही केलं, ठरल्या दिवशी.

वहिनी एरवी कधी विद्यापीठात पाऊल टाकत नसे. एका दुपारी धाकटी वर्गातून बाहेर आली तर ती व्हरांड्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. डबा आणलाय का काय, असं धाकटीला वाटलं. पिशवी रिकामी होती, हातात काहीतरी असावं म्हणून आणलेली. वहिनीने इकडचं तिकडचं काही काढलं नाही.

"यांना राग नव्या वाद्यांचा नाही," ती म्हणाली. "चांगली आहेत, बघण्यासारखी आहेत, मला स्वतः सांगितलं यांनी. पण दर बुधवारी घरी येऊन मला सांगायचे, धाकटी म्हणाली गोड आहे. तू म्हणालीस की त्यांना झोप लागायची. त्यांना दुसरे कान होते कुठे? तू म्हणाली असतीस की जाड आहे, तर त्यांनी रंधा घेऊन पातळ केली असती. पाचही केली असती."

धाकटी भिंतीला टेकली. मला त्याचं मन मोडवेना, असं काहीसं ती बोलली.

"मग आता काय केलंस?" वहिनी म्हणाली. "तुला कधीपासून कळत होतं, खरं सांग." वहिनी उठली. ते कोरलेलं डोकं यांनी कपड्यांच्या कपाटात खाली टाकलंय, तुला माहीत असावं म्हणून सांगते, एवढं बोलून ती निघून गेली.

सभागृह भरलं होतं. दरवाजापाशीही माणसं उभी होती, तेवीस कुठे आणि हे कुठे. नवी वाद्यं सुरू झाली आणि पहिल्याच सुराला सगळं सभागृह पुढे झुकल्यासारखं झालं. ग्रंथपालबाईंचा आवाज इतकी वर्षं वाद्यांच्या वरून चढून जायचा, आज तो त्यांच्यामधून वाट काढत होता. हेच तिला हवं होतं, इतकी वर्षं हेच. आणि वाजवता वाजवता तिला बाजूच्या पडद्याआड दादा दिसला. मंचाची मांडणी सुतारशाळेकडे असल्यामुळे तो तिथे उभा होता, हात मागे बांधून, मान खाली घालून. त्यानंतर तिला टाळ्यांपर्यंतचं फारसं काही आठवत नाही. हात आपले वाजवत गेले.

लोक गेल्यावर ती त्याच्याकडे गेली. तो खुर्च्या एकावर एक चढवत होता. चांगलं वाजलं, तो म्हणाला. मग हातातली खुर्ची खाली ठेवून त्याने विचारलं, "हा आवाज तुझ्या कानात होता?"

"होता," ती म्हणाली. "परिषदेला गेले होते ना, तिथे ऐकला होता. वाजवूनही पाहिला."

"म्हणजे दोन वर्षं."

"दोन वर्षं."

त्याने मान हलवली, माप बरोबर आल्यावर हलवायचा तशी. "दोन वर्षं मी काय करत होतो मग?" तो म्हणाला. आणखी तीन खुर्च्या चढवून झाल्यावर तो म्हणाला, "लांब्याचं ते मोठं मला काढून दे. उघडून बघायचंय."

दुसऱ्या दिवशी तिने विभागप्रमुखांना विचारलं. ते शक्य नव्हतं. वाद्यं आता विद्यापीठाचा ठेवा होती, कपाटावर पितळी पट्टी बसली होती, तिच्यावर उत्कृष्ट कारागिरीचा नमुना असं कोरलेलं होतं. प्रदर्शनातली वस्तू सुताराच्या घरी कशी पाठवायची? ज्या सुताराने ती केली त्याच्या घरी, असं धाकटीने म्हणून पाहिलं. प्रमुख हसले आणि तुम्ही भावनेच्या भरात बोलताय म्हणाले. आठवडाभर तिने कळ काढली. मग एका सकाळी, पहिला तास सुरू व्हायच्या आधी, तिने कार्यालयातून किल्ली घेतली, कपाट उघडलं आणि मोठं वाद्य बाहेर काढलं. लांब्याने ते खांद्यावर घेतलं. दोघं भर मैदानातून, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत चालत गेले. पियानोवाल्यांपैकी एकाने विचारलं, कुठे निघाली वरात? लांब्या म्हणाला, माहेरी.

त्याच दुपारी तिला खुलासा मागणारं पत्र आलं. तिने एका ओळीत खुलासा दिला: वाद्य दुरुस्तीसाठी त्याच्या कर्त्याकडे नेलं आहे.

दादाने घरी वाद्य टेबलावर घेतलं आणि गरम पातीने सरसाचा जोड कडेकडेने सोडवला. वरची फळी निघाली तेव्हा त्याने ती हातात तोलली, मग धाकटीच्या हातात दिली. बोल, तो म्हणाला. फळी एका कडेला बोटांत धरून तिने मधे ठोकलं.

"मुका आहे आवाज," ती म्हणाली.

त्याने रंधा फिरवला. ती पुन्हा ठोकायची, पुन्हा नाही म्हणायची. असे दोन रविवार गेले. दर वेळी तिने नाही म्हटलं की तो नुसता हूं म्हणून पुन्हा खाली वाकायचा. एकदा तिने चांगलं झालंय म्हटलं, त्याने तिच्याकडे बघितलं, आणि तिने शब्द मागे घेतला. अजून खालच्या अंगाला जड आहे, ती म्हणाली. मध्येच त्याचे डोळे दुखून यायचे, मग तो खिडकीशी जाऊन लांबवर बघत उभा राहायचा. दोन वर्षांपूर्वी दृष्टी बरी होती, असं एकदा सहज म्हणाला. सहजच म्हणाला, पण ती त्या दिवशी जेवली नाही.

तिसऱ्या रविवारी तारा चढल्या. धाकटीने गज टेकवला आणि खोलीतला आवाज इतका उघडा, इतका जवळचा आला की वहिनी ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. दादाने पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

आठ दिवसांनी ती पुन्हा वाजवायला बसली. अर्ध्यावर एक बारीक, कोरडा आवाज झाला, वाळलेली शेंग फुटल्यासारखा. घोडीच्या पायाखाली फळी खचली होती आणि चीर थेट खालच्या कडेपर्यंत गेली होती. धाकटीने गज बाजूला ठेवला. मी जास्त काढायला लावलं, ती म्हणाली, दोनदा म्हणाली.

दादाने तारा सैल केल्या. चिरेशी माप लावलं आणि पेन्सिलीने भिंतीवर आकडा लिहिला. अडीच. "आता खालची हद्द कळली," तो म्हणाला. त्याचा चेहरा मात्र पडला होता आणि त्याने तो लपवायचा प्रयत्नही केला नाही. मग तो आत जाऊन पडून राहिला. वहिनी आणि धाकटी दोघी स्वयंपाकघरात बसून राहिल्या. आता राहू दे, वहिनी हळूच म्हणाली, पण कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

महिन्याभराने विभागाने मंडळाचं नेतृत्व बाहेरून आलेल्या एका तरुण संचालकांकडे दिलं. पत्रात धाकटीच्या पायाभूत कार्याचे आभार होते. वादक म्हणून तिची जागा कायम होती. पहिल्या बुधवारी ती नव्या सरावखोलीत दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसली. दातवालीने तिच्याकडे बघायचं टाळलं, लांब्याने घसा खाकरला. संचालक हुशार होते, त्यांचं बोट नेमकं चुकीच्या सुरावर जायचं, आणि त्यातले दोन सूर तिचे होते. घरी जाताना तिला रडू आलं. पण पुढच्या बुधवारीही ती गेली.

विद्यापीठात दादा तिला अजून बाईच म्हणतो, तुम्हीच म्हणतो. रविवारी घरी तू. हे कधी बदलेल की नाही ते तिला माहीत नाही, तिने विचारलेलंही नाही. भेगाळलेलं वाद्य परत करावं लागलं, ते काचेच्या कपाटात चिरेची बाजू मागे करून ठेवलेलं आहे. उत्कृष्ट कारागिरीची पट्टी मात्र दादाने विभागप्रमुखांच्या समोर स्क्रू काढून उतरवली. खोटं आहे ते, एवढंच कारण दिलं.

वर्ष उलटून गेल्यावर एका शनिवारी सकाळी त्याने तिला लाकडाच्या वखारीत बोलावलं. का, ते सांगितलं नाही. तिथे तो फळ्या एकेक करून उभ्या करत होता आणि वखारवाला कपाळाला हात लावून बघत होता. दादाने तिला ठोकायला सांगितलं. तिने ठोकलं आणि नाही म्हटलं. दुसरी, नाही. सहावीला वखारवाल्याने विचारलं, दार करायचंय की सोयरीक जुळवायचीय? अकरा फळ्यांना ती नाही म्हणाली. बाराव्या फळीला दादाने स्वतः ठोकलं, कान लावला आणि ही घ्यायची म्हणाला.

"ही नको," धाकटी म्हणाली. "वरच्या अंगाला गाठ आहे. आवाज अडकतो."

"गाठ कापताना जाते."

"नाही जाणार, दादा."

"जाते," दादा म्हणाला आणि फळीचं एक टोक तिच्या हातात दिलं. दोघं वाद घालत घालत ती रस्त्याने घेऊन निघाले, तो पुढे, ती मागे, आणि वळणावर त्याने मागे न बघता तिला म्हटलं, "सावकाश."